सी मध्ये एक्सेप्शन हँडलिंग : लांब उडी मारली, पण वाटेतलं सामान कोण उचलणार?

अंबडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत एका छोट्या ऑटोमेशन युनिटमध्ये मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. गेल्या द्राक्ष हंगामात एका प्रोग्रॅममध्ये सेटजंप आणि लाँगजंप (खोलवरून आधीच्या जागी थेट उडी मारू देणारी सी ची जोडी) वापरून एक्सेप्शन हँडलिंग (झालेल्या चुका एका जागी पकडायची सोय) बसवलं होतं. त्याचं पुढे जे झालं ते सविस्तर लिहितोय. आपल्यातल्या कुणी हेच करायला घेतलं असेल तर त्याची एक रात्र वाचेल.

आधी काम काय होतं ते सांगतो. निफाड तालुक्यातलं शीतगृह. निर्यातीची द्राक्षं पॅक होऊन आली की आधी प्री-कूलिंगला जातात, माल 4 अंशांच्या आसपास उतरला की मग शून्याजवळच्या कोठीत. आत 24 सेन्सर, सगळे एकाच आरएस-485 (कारखान्यांतली सीरियल जोडणी) तारेवर, मॉडबस आरटीयू ही उपकरणांची संदेशभाषा बोलणारे. लिनक्सचा एक छोटा बोर्ड दर 10 सेकंदांनी प्रत्येकाला तापमान विचारतो आणि त्या त्या सेन्सरच्या फाइलीत एक ओळ लिहितो. मालासोबत खरेदीदाराला ही नोंद द्यावी लागते, म्हणून ती तुटून चालत नाही.

चूक होते ती अगदी तळाशी. बाइट वेळेत आला नाही, किंवा चौकटीचा, म्हणजे आलेल्या संदेशाचा, सीआरसी (पडताळणीचा आकडा) जुळला नाही. पण त्या चुकीचं काय करायचं हे ठरतं सहा फंक्शन वर, मुख्य लूपमध्ये. मधल्या प्रत्येक फंक्शनने खालून आलेला -1 (म्हणजे 'चूक झाली') तपासायचा आणि वर ढकलायचा. निम्मा कोड फक्त ही ढकलाढकली करत होता, आणि एके ठिकाणी तपासणी राहून गेली तर चुकीचं तापमान खरं म्हणून फाइलीत जाणार होतं. म्हणून लांब उडी घ्यायचं ठरवलं.

सेटजंप काय करतं ते ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी. हे फंक्शन त्या क्षणी प्रोसेसरची ठरावीक रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागा) जंप-बफ नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवतं आणि 0 परत देतं. लिनक्सवर 64 बिटी इंटेलला अशी आठ असतात : सहा जपून ठेवायची रजिस्टर, स्टॅक पॉइंटर आणि परतीचा पत्ता. पुढे कितीही खोलवरून त्याच बफवर लाँगजंप मारलं की ती आठही परत भरली जातात आणि प्रोग्रॅम पुन्हा सेटजंपमधूनच बाहेर येतो, फक्त या वेळी 0 ऐवजी आपण दिलेला आकडा घेऊन. लाँगजंपला तुम्ही 0 दिलात तरी बाहेर 1 येतो, म्हणजे पहिली खेप आणि उडीची खेप यांत गल्लत होत नाही. 1989 च्या अँसी सी पासून हे मानकात आहे.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवून घ्या : स्टॅकची (चालू फंक्शनांचे स्थानिक आकडे आणि परतीचे पत्ते राहतात ती मेमरी) प्रत निघत नाही. स्टॅक कुठपर्यंत होता तेवढाच पत्ता लिहिला जातो. पुढचे सगळे घोटाळे यातूनच निघतात.

यावर मी मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये उलगडणारे तुकडे) बांधले. प्रत्येक प्रयत्नासाठी एक नोड : त्यात जंप-बफ आणि मागच्या नोडचा पॉइंटर. सगळ्यांत वरच्या नोडचा पॉइंटर ग्लोबल. चूक फेकायची म्हणजे वरचा नोड साखळीतून काढायचा आणि मग त्याच्या बफवर लाँगजंप. काढायचा आधी, उडी नंतर. तसं केलं की पकडीच्या आत पुन्हा चूक झाली तरी ती बाहेरच्या प्रयत्नाकडे जाते, त्याच जागी गरगरत नाही. साखळी रिकामी असेल तर संदेश छापून अबॉर्ट. जीसीसी कंपायलरच्या आवृत्ती 10 पासून नावं थेट देवनागरीत चालतात, म्हणून वापरताना ते असं दिसतं :

प्रयत्न {
    चौकट_वाच(क्रमांक);
    सीआरसी_तपास();
    नोंद_लिही(क्रमांक);
} पकड (चूक_सीआरसी) {
    खराब_मोज(क्रमांक);
} पकड (चूक_उशीर) {
    तार_तपास(क्रमांक);
} समाप्त

आतून हा एक स्विच आहे. सेटजंप स्विचच्या कंसात, शून्याची केस म्हणजे प्रयत्न, बाकीच्या केसेस म्हणजे पकडी. कुठल्याच पकडीत न बसलेली चूक समाप्त मॅक्रो बाहेर फेकतो. मधली पाच फंक्शनं स्वच्छ झाली. कोड वाचायला इतका सुरेख झाला की तीन दिवस चाचणी घेऊन मी तो शीतगृहात बसवला.

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास कॉम्प्रेसरजवळच्या 17 नंबरच्या सेन्सरची तार सैल झाली. दर फेरीला त्याचा सीआरसी चुकत होता, प्रोग्रॅम चूक पकडत होता, मोजत होता आणि पुढच्या सेन्सरकडे जात होता. म्हणजे हवं तसंच. दोन वाजून वीस मिनिटांनी सगळ्या, म्हणजे चोवीसच्या चोवीस सेन्सरच्या नोंदी थांबल्या. प्रोग्रॅम चालू, बोर्ड चालू, फाइलीत एक ओळ येईना. कूलिंगचा कंट्रोल वेगळा असल्यामुळे मालाला धक्का लागला नाही, पण सकाळपर्यंतची नोंद गेली ती गेली. मालकांना ते खरेदीदाराला समजावून सांगावं लागलं.

सकाळी लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमध्ये (चालू प्रोग्रॅमची माहिती असते तो) त्या प्रोसेसच्या उघड्या फाइलींची यादी काढली. एकाच फाइलीचं नाव, 17 नंबरची, पानामागून पान. एका प्रोसेसला उघड्या फाइलींची मर्यादा 1024. त्यातल्या तीन नेहमीच्या आणि एक सीरियल पोर्ट, राहिल्या 1020. दर 10 सेकंदांना एक गळाली तर 10,200 सेकंद, म्हणजे 2 तास 50 मिनिटं. साडेअकरात मिळवा, घड्याळ अचूक जुळतं.

मधलं एक फंक्शन फाइल उघडून मग खाली सेन्सर वाचायला जात होतं. वाचून आलं की लिहायचं आणि बंद करायची. पण चूक झाली की ते फंक्शन परत येतच नव्हतं. उडी त्याच्या डोक्यावरून जात होती. मॅलॉकने मागून घेतलेला 256 बाइटांचा एक मेमरी बफरही तसाच राहत होता, पण 1020 वेळा मिळून तो 255 केबी. तेवढ्याने कुणाला पत्ताही लागला नसता. फाइलींची मर्यादा होती म्हणून दोष सापडला.

आता मी सफाईचा वेगळा स्टॅक केला आहे. फाइल उघडली की लगेच त्यावर 'हे बंद करायचं' अशी नोंद : एक फंक्शन पॉइंटर आणि एक पॉइंटर. प्रत्येक प्रयत्नाचा नोड आपल्या सुरुवातीला हा स्टॅक किती उंच होता ते लक्षात ठेवतो. चूक फेकताना लाँगजंपच्या आधी त्या उंचीपर्यंतच्या सगळ्या नोंदी उलट्या क्रमाने चालवायच्या, मग उडी. माझं ठाम मत झालंय की सी मधलं एक्सेप्शन हँडलिंग म्हणजे हा सफाईचा स्टॅक. उडी ही त्यातली शेवटची ओळ.

यात अजून काय राहतंय ते अनुभवी लोकांनी सांगावं.

ओझरकर

खूप चांगलं लिहिलंत. व्होलाटाइलचं (हे व्हेरिएबल दर वेळी मेमरीतूनच वाच-लिही, असं कंपायलरला सांगणारा शब्द) काय केलंत? त्याचा उल्लेख दिसला नाही.

अंबडकर

@ओझरकर, लिहायचं राहिलं, आणि त्याचाही फटका बसलाय. प्रयत्नाच्या आत मी खेपा मोजायचो, तीन खेपा झाल्या की सोडून द्यायचं. माझ्या मशीनवर व्यवस्थित. ऑप्टिमायझेशन लावून बिल्ड केला की खेपा संपेचनात. प्रत्येक उडीनंतर आकडा पुन्हा शून्य.

ओझरकर

तेच. नवीन लोकांसाठी कारण सांगतो. ऑप्टिमायझेशन नसताना तो आकडा स्टॅकवर राहतो, आणि स्टॅकला लाँगजंप हात लावत नाही, म्हणून वाढवलेली किंमत टिकते. ऑप्टिमायझेशन लागलं की कंपायलर त्याला रजिस्टरमध्ये ठेवू शकतो. लाँगजंप रजिस्टर जुन्या किमतीने भरतं, आणि तुमची वाढ पुसली जाते. मानकाचे शब्द त्याहून कडक आहेत : सेटजंप असलेल्या फंक्शनचं स्थानिक व्हेरिएबल सेटजंप आणि लाँगजंप यांच्या दरम्यान बदललं आणि ते व्होलाटाइल नसेल, तर उडीनंतर त्याची किंमत अनिश्चित. जुनी मिळेलच अशीही हमी नाही. ज्यांना हात लावला नाही ती व्हेरिएबलं सुरक्षित, ग्लोबल आणि स्टॅटिकही सुरक्षित.

पॉइंटरच्या बाबतीत अजून एक. व्होलाटाइल हा शब्द तारकेच्या डावीकडे टाकला तर पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो ती वस्तू व्होलाटाइल होते, पॉइंटर नाही. आपल्याला पॉइंटरच टिकवायचा असतो, म्हणजे शब्द तारकेच्या उजवीकडे हवा. हे मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये कितीदा दुरुस्त केलंय. जीसीसीत क्लॉबर्ड नावाची वॉर्निंग आहे, ती एक्स्ट्रा वॉर्निंग लावल्या की आपोआप चालू होते. ती बंद करू नका.

शेवटचं_वर्ष

नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर, मॅक्रो कशाला? मी सेटजंप एका छोट्या फंक्शनमध्ये टाकलं, 'प्रयत्न_सुरू' असं, आणि ते मेनमधून बोलावलं. पहिल्यांदा 0 आला. लाँगजंप मारल्यावर मात्र कधी बरोबर चालतं, कधी सेगमेंटेशन फॉल्ट. आत एक प्रिंट टाकला की हमखास फॉल्ट. प्रिंटचा काय संबंध?

अंबडकर

@शेवटचं_वर्ष, प्रश्न नेमका विचारलास. बफमध्ये काय आहे आठव : स्टॅकचा पत्ता आणि परतीचा पत्ता, स्टॅकमधला मजकूर नाही. तुझं 'प्रयत्न_सुरू' 0 देऊन परतलं तेव्हाच त्याची स्टॅकवरची जागा मोकळी झाली. पुढे बोलावलेली फंक्शनं तीच जागा वापरणार. प्रिंटने तिथे स्वतःचा मजकूर लिहिला. मग तू उडी मारलीस आणि 'प्रयत्न_सुरू' मध्ये परत आलास, त्याने मेनकडे परतायला पत्ता उचलला तो प्रिंटने लिहिलेल्या कचऱ्यातून. ज्या दिवशी ती जागा कुणी वापरली नाही त्या दिवशी चाललं.

नियम असा : सेटजंप बोलावणारं फंक्शन उडीच्या वेळी जिवंत हवं. म्हणून मॅक्रो. मॅक्रो उलगडून मेनमध्येच बसतो.

शेवटचं_वर्ष

आता कळलं! मग याच कारणाने प्रयत्नाच्या आतून रिटर्न केलं तरी गडबड होईल ना? नोड साखळीत तसाच राहील.

अंबडकर

हो, शाब्बास. नोड त्याच फंक्शनच्या स्टॅकवर असतो, रिटर्नने समाप्तला वळसा पडतो, ग्लोबल पॉइंटर मेलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. पुढची चूक कुठेही झाली तरी उडी त्या मेलेल्या फंक्शनमध्ये. आणि ब्रेकही जपून. मॅक्रो आतून स्विच आहे, त्यामुळे ब्रेकने फक्त स्विच सुटतो, बाहेरचा लूप चालूच राहतो. पोस्टग्रेस डेटाबेसच्या सोर्समध्ये हेच तंत्र आहे, त्यांचेही प्रयत्न आणि पकडीचे मॅक्रो आहेत, आणि तिथेही हीच काळजी घ्यावी लागते : प्रयत्नाच्या आतून रिटर्न, गोटू, ब्रेक नको.

जुनासी

मला स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. मी 25 वर्षं सी लिहितोय. फंक्शन सहा खोल असलं तर काय बिघडलं? प्रत्येकाने परतीचा कोड द्यावा, आणि प्रत्येक फंक्शनच्या तळाशी सफाईचं एक लेबल ठेवावं. चूक झाली की गोटूने तिथे जायचं, फाइल बंद, बफर फ्री, परत. लिनक्स कर्नलमध्ये हेच चालतं, त्यांच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात यावर स्वतंत्र भाग आहे. ज्याने फाइल उघडली त्यानेच बंद केली, ते त्याच पानावर डोळ्यांना दिसतं. तुमच्या पद्धतीत नवीन आलेल्या मुलाला कसं कळणार की हे साधं दिसणारं फंक्शन कधी परत येणारच नाही? तुमची 17 नंबरची फाइल गळाली ती याच कारणाने.

दुसरं, सेटजंपचं उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये ठेवायची सवय खूप जणांना असते. मानक त्याची हमी देत नाही. इफ, स्विच किंवा लूपच्या कंसात (एकटं, पुढे ! लावून किंवा एखाद्या स्थिर आकड्याशी तुलना करून), किंवा नुसतंच ओळीवर, एवढ्याच जागा मंजूर आहेत. अंबडकरांनी स्विच वापरलाय ते योग्य केलं.

अंबडकर

@जुनासी, तुमचं पहिलं म्हणणं मला पूर्ण पटतं. नवीन मुलाला ते दिसत नाही, हा या पद्धतीचा खरा दोष आहे. गोटूची पद्धत मी आजही ड्रायव्हरच्या भागात वापरतो. पण परतीचा कोड तपासायचा राहिला तर चूक गपचूप पुढे जाते आणि खोटं तापमान नोंदवलं जातं. फेकलेली चूक तशी हरवत नाही, पकडली नाही तर प्रोग्रॅम थांबतो. शीतगृहाच्या नोंदीत मला थांबलेला प्रोग्रॅम परवडतो, खोटा आकडा नाही. म्हणून दोन्हींत मी हे निवडलं.

सातपूरकरीण

मी वाहनांच्या कंट्रोलरवर काम करते. आमच्याकडे हा वाद मिटलेला आहे : मिस्रा सी (सुरक्षेच्या कामात सी कसं वापरायचं याची नियमावली) 2012 चा नियम 21.4 सांगतो की सेटजंपचं हेडर वापरायचंच नाही. सुरुवातीला मला ते जाचक वाटायचं. पण ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या कोडमध्ये नियंत्रण कुठून कुठे जाईल हे कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि अशी एक उडी आली की ते विश्लेषण फार अवघड होऊन बसतं. तुमचं काम वाहनाचं नाही, त्यामुळे वापरू नका असं म्हणत नाही. उद्या हाच कोड उचलून कुणी सुरक्षेच्या कामात नेला तर मात्र तो परत येणार.

एक प्रश्न : सिग्नल हँडलरमधून (सिस्टिमचा सिग्नल आला की मध्येच चालणारं फंक्शन) कुठे चूक फेकताय का?

अंबडकर

@सातपूरकरीण ताई, वेळ संपल्याचा अलार्म सिग्नल येतो, तिथून फेकायचा मोह झाला होता. केलं नाही.

ओझरकर

नका करू. सिग्नल नेमका मॅलॉकच्या मध्यात आला आणि तिथून उडी मारली, तर मॅलॉकची आतली यादी अर्धवट राहते. पुढचं मॅलॉक कधी कोसळेल सांगता येत नाही. शिवाय हँडलर चालू असताना तो सिग्नल रोखलेला असतो. साध्या सेटजंपने सिग्नल मास्क (रोखलेल्या सिग्नलची यादी) जपायचा की नाही हे पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) ठरवून दिलेलं नाही, बीएसडी घराण्यात जपला जातो, सिस्टिम फाइव्हच्या परंपरेत नाही. न जपणाऱ्या मशीनवर पहिला अलार्म येईल आणि पुढचा कधीच येणार नाही. त्यासाठी सिगसेटजंप आणि सिगलाँगजंप ही वेगळी जोडी आहे, पण मास्क जपायचा म्हणजे दर वेळी सिस्टिम कॉल, ते महाग पडतं. सरळ पोलला (उत्तराची वाट बघणारा सिस्टिम कॉल) मुदत द्या आणि उत्तर आलं नाही तर तिथे साधी चूक फेका.

अंबडकर

तसंच केलंय, पोलला 200 मिलिसेकंद.

गंगापूर_रोड

मी पूर्वी नोकियाच्या सिंबियन फोनसाठी ॲप लिहायचो. अंबडकरांनी वर जे शोधून काढलंय ते तिथे सिस्टिमचा पाया होता. चूक फेकण्याला 'लीव्ह' म्हणायचे, पकडण्याला 'ट्रॅप', आणि सफाईच्या स्टॅकला क्लीनअप स्टॅक असंच नाव होतं. सी++ असूनही सुरुवातीच्या आवृत्त्यांत भाषेची एक्सेप्शन्स नव्हती, लीव्ह हे सेटजंपच्याच धाटणीचं होतं. उडी मारणाऱ्या फंक्शनच्या नावाच्या शेवटी मोठा एल लावायचा दंडक होता. जुनासींची तक्रार आहे ना, की नवीन मुलाला दिसत नाही, त्यावर तो इलाज होता. नाव वाचलं की कळायचं, हे परत न येण्याची शक्यता आहे.

आणि अंबडकर, एक बारीक भोक तुमच्याकडेही असू शकतं. फाइल उघडली, आता सफाईच्या स्टॅकवर नोंद करायची, आणि नेमका तो स्टॅकच भरलेला निघाला तर? नोंद करणारं फंक्शन चूक फेकणार आणि नुकतीच उघडलेली फाइल गळणार. सिंबियनमध्ये एक जागा कायम आधीच मोकळी राखलेली असायची. आधी वस्तू त्या जागेवर ठेवायची, मग पुढच्या जागेची तजवीज करायची. ती तजवीज फसली तरी वस्तू स्टॅकवर आलेली असते, तिची सफाई होते.

अंबडकर

@गंगापूर_रोड, हे भोक माझ्याकडे आहे. माझा स्टॅक 64 नोंदींचा आहे आणि मी आधी फाइल उघडतो, मग जागा बघतो. आजच बदलतो. फंक्शनच्या नावाची कल्पनाही घेतो, फेकणाऱ्या सगळ्यांच्या शेवटी '_फेकू' लावतो.

मखमलाबाद

मध्येच विचारतो. हाच कोड आमच्याकडे सी++ मधून बोलावतात. चालेल का?

जुनासी

@मखमलाबाद, उडीच्या वाटेत डिस्ट्रक्टर (वस्तू संपताना आपोआप चालणारं सफाईचं फंक्शन) असलेली वस्तू असेल तर नाही. लाँगजंप डिस्ट्रक्टर चालवेल यावर विसंबता येत नाही, सी++ चं मानक अशा उडीला वर्तन अनिश्चित म्हणतं. सीमेवर सी चा प्रयत्न लावा, तिथे पकडून परतीचा कोड करा, आणि पलीकडे सी++ चं एक्सेप्शन फेका. उलट दिशेलाही तेच. दुसऱ्याच्या लायब्ररीने तुमचं कॉलबॅक बोलावलं असेल आणि तुम्ही त्यातून उडी मारून बाहेर आलात, तर तिची अवस्थाही अर्धवट राहते. लिबपीएनजीसारख्या (पीएनजी चित्रं वाचणारी) ज्या लायब्रऱ्या स्वतःच या पद्धतीने चुका कळवतात त्यांची गोष्ट वेगळी, त्या तशा बांधलेल्याच आहेत.

अंबडकर

आज दुपारी बेंचवर चाचणी केली. सगळ्या सेन्सरऐवजी एकच ठेवला, फेरी 10 सेकंदांची 50 मिलिसेकंद केली आणि पडताळणीत मुद्दाम चुकीचा सीआरसी घातला. दुसऱ्या खिडकीत प्रॉकमधल्या उघड्या फाइली मोजत बसलो. 5000 चुका झाल्या, आकडा 4 आणि 5 च्या मध्ये फिरत राहिला. मग सफाईचा स्टॅक मुद्दाम 2 नोंदींचा करून पुन्हा चालवला, गंगापूर_रोड यांनी सांगितलेलं भोक उघडं पडावं म्हणून. जुन्या क्रमाने दर चुकीला एक फाइल गळत होती. जागा आधी राखली, आकडा पुन्हा 4 वर.

शेवटचं_वर्ष

सर, मी पण घरी केलं. स्थिर जंप-बफ, मॅक्रो, तीन पकडी. प्रयत्नाच्या आत मुद्दाम रिटर्न टाकून बघितलं, पुढची चूक खरंच परतून गेलेल्या फंक्शनमध्ये जाऊन पडली. डीबगरमध्ये दिसलं, स्टॅक पॉइंटर तिथेच होता आणि वर सगळा कचरा.

अंबडकर

छान. आता तेच ऑप्टिमायझेशन लावून कर आणि खेपा मोजणारं व्हेरिएबल व्होलाटाइल न करता ठेव. काय आकडा येतो तो इथे टाक.